संत्र्याच्या कॅरेटपासून अनुदानाच्या खात्यापर्यंत : निर्यात योजनांची तपासणी आणि आपली फाइल

दोन वर्षांपूर्वीच्या आंबिया बहारात आमच्या शेतकरी कंपनीचा एक ट्रक बांगलादेश सीमेकडे निघाला आणि ओडिशातल्या संबलपूरच्या अलीकडे त्याचं इंजिन बसलं. माल नाशवंत. ड्रायव्हरने रात्रीतून दुसरी गाडी मिळवली, कॅरेट उतरवून तिच्यात चढवले. माल पोचला, पैसेही आले. पण आमच्या गेट रजिस्टरात, बिल्टीवर आणि धर्मकाट्याच्या पावतीवर जुन्या गाडीचा नंबर होता, आणि सीमेवरच्या कागदांत दुसऱ्याच गाडीचा. अनुदानाचा दावा आठ महिने अडकला. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला एवढंच विचारलं, "इथून निघालेला माल आणि सीमा ओलांडलेला माल एकच आहे, हे मी कशावरून मानू?" माल एकच होता हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी कागदावर दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहते. आमचे एक ज्येष्ठ सभासद दर हंगामात मला विचारतात, "ताई, संत्रा तं माह्याच बागेतला हाय, मंग येवढे कागद कायले पायजेत?" हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासारख्या कंपन्यांच्या संचालकांसाठी, सचिवांसाठी आहे. सरकार निर्यातीच्या अनुदानात लबाडी कशी पकडतं हे कळलं, तर आपली फाइल कशी बांधायची ते आपोआप कळतं. सगळ्या तपासणीचं मूळ एकच आहे: वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या ठिकाणी केलेले कागद शेजारी ठेवायचे आणि नाव, वजन, तारीख, गाडी जुळते का ते पाहायचं. लबाडी करणारा एक कागद खोटा करू शकतो. काट्यावरचा, टोलनाक्यावरचा, सीमाशुल्क खात्यातला आणि बँकेतला असे चारही कागद सारखे खोटे करणं फार अवघड असतं.

आधी पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहा

आपल्या भागात "निर्यात अनुदान" हा एकच शब्द सगळ्याला वापरतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वाटा तीन आहेत आणि तिन्हींची तपासणी वेगळी आहे.

पहिली वाट प्रत्यक्ष निर्यातीवर मिळणाऱ्या परताव्याची. रोडटेप ही त्यातली मुख्य योजना. ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. त्याआधीची एमईआयएस ही निर्यात प्रोत्साहन योजना ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. निर्यातदाराने भरलेले पण दुसरीकडून परत न मिळणारे कर यात परत मिळतात. रक्कम मालाच्या एफओबी किमतीच्या (म्हणजे परदेशी भाडं-विमा न धरता, इथून रवाना होईपर्यंतच्या किमतीच्या) टक्क्यांत ठरते, काही मालाला कमाल मर्यादा असते, आणि ती रोख न मिळता सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट पोर्टलवर ई-स्क्रिप, म्हणजे आयात शुल्क भरायला चालणारी डिजिटल पत, म्हणून जमा होते.

दुसरी वाट वाहतूक किंवा शुल्काचा भार हलका करणाऱ्या मदतीची. केंद्राने मार्च २०१९ पासून ठरावीक शेतमालाच्या जहाज आणि विमान भाड्यासाठी अशी मदत काही काळ दिली होती. शेतमालावर थेट निर्यात अनुदान द्यायचं नाही, असा निर्णय जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी परिषदेत झाला. विकसनशील देशांना वाहतूक आणि विपणन खर्चापुरती सूट होती, तीही २०२३ अखेरपर्यंतच. म्हणून केंद्राच्या योजना आता "कर परतावा" किंवा "पायाभूत सुविधा" या रूपात दिसतात. आपल्या संत्र्याचं दुखणं वेगळंच. बांगलादेशाने आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शी, काटोल-नरखेड पट्ट्यातले सौदे त्याच्या खाली दबले. २०२३ च्या हंगामात राज्य सरकारने या शुल्काच्या निम्म्या भाराइतकी मदत जाहीर केली, ती याच वाटेतली.

तिसरी वाट भांडवली अनुदानाची: पॅकहाउस, शीतगृह, फळाला मेण लावून प्रतवारी करणारी वॅक्सिंग-ग्रेडिंगची लाइन. आपल्याकडे सगळ्यात जास्त फाइली याच्या असतात, आणि सगळ्यात जास्त गडबडीही इथेच होतात.

तुमचा दावा कोणत्या वाटेतला आहे ते कागदावर लिहा आणि त्या योजनेचा शासन निर्णय किंवा अधिसूचना छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. "अमक्याने सांगितलं" या आधारावर केलेला दावा मी अजून टिकलेला पाहिला नाही.

लबाडी कशी होते

हे सांगताना मला बरं वाटत नाही. पण ठाऊक नसलं तर प्रामाणिक माणूसही दुसऱ्याच्या लबाडीत ओढला जातो, म्हणून सांगते.

मालाची किंमत फुगवून दाखवतात, म्हणजे टक्केवारीने मिळणारा परतावा फुगतो. हलका माल भारी म्हणून किंवा दुसऱ्याच वर्गातला म्हणून जाहीर करतात. एकाच ट्रकची बिल्टी दोन दाव्यांना लावतात. भांडवली योजनेत एकच मशीन दोन गावांत उभी करून दोनदा फोटो काढतात, आणि एकाच माणसाने लिहिलेली तीन कोटेशनं जोडतात. सगळ्यात जास्त चीड येते ती शेतकऱ्यांच्या याद्यांची. आधार आणि सातबाराच्या झेरॉक्स "सभासद करतो" म्हणून गोळा करायच्या आणि बागच नसलेल्या माणसाच्या नावावर माल दाखवायचा.

अशा लबाडीची किंमत सगळ्या पिकाला मोजावी लागते. सेंद्रिय कापसाचं उदाहरण ताजं आहे. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या गॉट्स या संस्थेने भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या बनावट व्यवहार प्रमाणपत्रांचं प्रकरण उघड केलं. सुमारे २०,००० टन कापसाचा प्रश्न होता आणि ११ कंपन्यांवर बंदी आली. त्यानंतर विदर्भात खरोखर सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या गटालाही आधी संशयाला तोंड द्यावं लागतं. केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम पुढे कडक झाले. आता शेतकरी गट कायदेशीर संस्था असावा लागतो, गटात २५ ते ५०० शेतकरी असावे लागतात, आणि मालाचा प्रत्येक टप्पा ट्रेसनेट या प्रणालीवर चढवावा लागतो.

पायरी पहिली : नाव सगळीकडे एकच

कंटाळवाणी पायरी, पण निम्म्या हरकती इथेच निघतात.

शेतकऱ्याच्या बाजूने सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक पाहा. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तो जमिनीच्या नोंदीशी आणि आधारशी जोडलेला असल्यामुळे एकच गट नंबर दोन माणसांच्या नावे दाखवणं आता अवघड झालं आहे. वडिलांच्या नावावरची जमीन मुलगा कसत असेल तर दावा वडिलांच्याच नावाने करा, किंवा आधी फेरफार करून घ्या. "नंतर करू" म्हणून ठेवलेला फेरफार अर्ज नाकारायला पुरेसा असतो.

कंपनीच्या बाजूने पॅन, आयात-निर्यात कोड, जीएसटी, अपेडाचं (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेचं) नोंदणी प्रमाणपत्र आणि बँकेचा एडी कोड. आयात-निर्यात कोड आता पॅनच्याच क्रमांकाचा असतो, आणि तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसलं तरी तसं कळवावं लागतं. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे नेमकं ट्रक सीमेवर उभा असताना कळतं. एडी कोड म्हणजे परकीय चलन कोणत्या बँक शाखेत येणार याची सीमाशुल्क खात्याकडची नोंद. बँक बदलली तर तीही बदला.

इंग्रजी स्पेलिंगकडे लक्ष द्या. आमच्या एका संचालकांचं आडनाव पॅनवर एका पद्धतीने आणि बँकेत दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं होतं, फक्त एका अक्षराचा फरक. यंत्राला ती दोन माणसं वाटतात.

पायरी दुसरी : बागेतला हिशेब

तपासणारा अधिकारी आधी गुणाकार करतो. संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर असेल तर एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकरात साधारण ११२ झाडं. दोन एकरांच्या बागेतून ६० टन माल निर्यातीला गेला असं कागद म्हणत असेल, तर झाडामागे जवळपास २७० किलो फळ येतं. चांगल्या बागेतल्या झाडालाही ते पेलणार नाही. असा कागद समोर आला की माणूस पुढचं वाचत नाही, थेट बाग पाहायला निघतो.

म्हणून बहार धरल्यावरच ई-पीक पाहणी करा. ही व्यवस्था १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. शेतात उभं राहून काढलेल्या फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. झाडांची संख्या खरी लिहा. मर रोगाने किंवा डिंक्याने गेलेली झाडं वजा करा, जुन्या सातबाऱ्यावरचा आकडा तसाच उचलू नका.

आता आपल्याकडच्या उक्त्या सौद्याबद्दल. बाग फुलावर किंवा कच्च्या फळावर व्यापाऱ्याला उक्ती विकायची, ही इथली जुनी रीत आहे. इसार घेतला, तोंडी सौदा झाला, तोडा व्यापाऱ्याचे मजूर करतात. रीत वाईट नाही. हाती पैसा नसताना ती कामी येते. पण माल निर्यातीला गेला आणि त्यावर मदत जाहीर झाली, तर ती कोणाची? तोंडी सौद्यात याला उत्तर नसतं. व्यापारी तुमचं नाव लावून दावा करतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो, किंवा तुम्ही दावा करता आणि विक्रीचा पुरावा व्यापाऱ्याकडेच राहतो.

म्हणून साध्या कागदावर का होईना, सौदाचिठ्ठी करा. गट नंबर, झाडं, ठरलेली रक्कम, इसाराची तारीख आणि एक जास्तीचं वाक्य: "हा माल निर्यातीस गेल्यास त्यावर मिळणाऱ्या शासकीय मदतीचा हक्क अमुक यांचा राहील." दोघांच्या सह्या, एका साक्षीदाराची सही, आणि फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. इसार बँकेतूनच घ्या.

पायरी तिसरी : पॅकहाउसमधलं रजिस्टर

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

दारात आलेला माल एका पानावर आणि दारातून गेलेला माल दुसऱ्या पानावर, हे सगळेच लिहितात. मधल्या मालाचं काय झालं, ते फार थोडे लिहितात. आमच्या जुन्या रजिस्टरात एके दिवशी ९,४०० किलो संत्रा आत आला आणि ७,८०० किलो निर्यातीला गेला, एवढंच होतं. राहिलेल्या १,६०० किलोचं काय झालं? मला माहीत होतं की बारीक फळ नागपूरला कळमन्याच्या बाजारात गेलं आणि डागी, सडकं उकिरड्यावर. पण ते कुठेच लिहिलं नव्हतं. शंका घ्यायची म्हटली तर तिथे दोन्ही बाजूंनी घेता येते: बाहेरचा माल आपल्या नावावर चढवला असेल, किंवा आपला माल दुसऱ्याच्या नावावर गेला असेल.

आता रजिस्टर असं आहे. प्रत्येक बागेतून आलेल्या मालाला आला त्याच वेळी लॉट नंबर मिळतो: तारीख, गावाचं आद्याक्षर आणि अनुक्रम. कॅरेटवर तोच नंबर लिहिलेली पट्टी लावतो. मग एका ओळीत पाच आकडे येतात: आलेलं वजन, निर्यातीचा माल, स्थानिक विक्री, छाट आणि शिल्लक. शेवटच्या चार आकड्यांची बेरीज पहिल्या आकड्याइतकी आलीच पाहिजे. वॅक्सिंगपूर्वी सुकण्याने थोडं वजन घटतं, त्यालाही वेगळा रकाना आहे आणि ती घट बेरजेत धरतो. स्थानिक विक्रीला बाजार समितीची हिशेबपट्टी जोडतो. रोज संध्याकाळी मुकादम आणि मी सही करतो. खोडाखोड असेल तर आडवी रेघ, शेजारी नवा आकडा आणि सही. पांढरी शाई या रजिस्टरला लावायची नाही.

रिकामा कॅरेट किती किलोचा, हे हंगामाच्या सुरुवातीला दहा कॅरेट तोलून ठरवा आणि पहिल्या पानावर लिहून ठेवा. कॅरेटचं वजन मालात धरायचं की वगळायचं, यावर पुढे सगळ्या कागदांत फरक पडतो. चलनावर (म्हणजे विक्रीच्या बिलावर) निव्वळ वजन आणि बिल्टीवर कॅरेटसकट, असं झालं की ट्रकमागे कित्येक क्विंटलचा फरक दिसतो, आणि त्यात कोणाची लबाडी नसते.

द्राक्ष, डाळिंब, आंबा, भाजीपाला युरोपला पाठवणाऱ्यांसाठी अपेडाची हॉर्टीनेट प्रणाली हेच काम संगणकावर करते: शेताची नोंदणी, तपासणी, पॅकहाउस, प्रमाणपत्र, सगळं एका साखळीत. आपला बांगलादेशचा माल त्या साखळीत नसला तरी वहीत तीच साखळी ठेवता येते.

पायरी चौथी : रस्ता

ताज्या फळावर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही. हे सोयीचं आहे, पण त्यामुळे रस्त्यातला पुरावा आपल्यालाच जपावा लागतो. प्रत्येक ट्रकमागे चार गोष्टी ठेवा: बिल्टी, भरलेल्या गाडीची काट्याची पावती, रिकाम्या गाडीची काट्याची पावती, आणि नंबर प्लेट दिसेल असा भरलेल्या गाडीचा फोटो. चौकशी खोलात गेली तर फास्टॅगच्या नोंदींवरून गाडी कोणत्या दिवशी कोणत्या टोलवर होती ते कळतं. कागदावर बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला पोचलेला ट्रक त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या टोलनाक्यावर दिसला तर उत्तर काय देणार?

गाडी बदलली तर काय करायचं, हे मी आता ड्रायव्हरच्या हातात छापून देते. जुन्या आणि नव्या गाडीचे नंबर प्लेटसह फोटो, माल हलवतानाचा एक फोटो, जवळच्या काट्यावर नव्या गाडीचं वजन, ट्रान्सपोर्टरची नवी बिल्टी, आणि जुन्या बिल्टीवर "माल अमुक ठिकाणी अमुक गाडीत हलवला" असा शेरा. त्याच दिवशी कस्टम एजंटला आणि कंपनीच्या ईमेलवर कळवायचं. संबलपूरच्या रात्री यातली एकही गोष्ट आमच्याकडे नव्हती.

पायरी पाचवी : सीमाशुल्क

इथला मुख्य कागद शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायचं निर्यातीचं घोषणापत्र. तो कस्टम एजंट भरतो, पण खाली जबाबदारी निर्यातदाराची असते. एजंटने "भरलं, काळजी करू नका" म्हटलं तरी प्रत मागवून स्वतः वाचा.

आधी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, पाहा. आपण "ऑरेंज" म्हणतो, पण नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्राने मँडरिन आहे. एचएस वर्गीकरणात ऑरेंजला ०८०५१० आणि मँडरिनला ०८०५२१ असे वेगळे कोड आहेत. कोणता कोड लावायचा ते एजंटशी बोलून हंगामाआधी ठरवा, आणि चलन, पॅकिंग लिस्ट, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, शिपिंग बिल या सगळ्यांत एकच नाव, एकच कोड येऊ द्या.

मग मूळ जिल्हा. फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात मालाचं मूळ राज्य आणि जिल्हा लिहावा लागतो. बाग अमरावतीत असताना एजंटने सवयीने स्वतःचा जिल्हा टाकला, तर पुढे राज्याच्या योजनेत "हा माल विदर्भातला कशावरून" हा प्रश्न येतो.

मग एफओबी किंमत. ती खरेदीदाराशी ठरलेल्या भावाशी आणि आपल्या चलनाशी जुळायला हवी. कस्टमची जोखीम व्यवस्थापन प्रणाली त्या काळातल्या इतर निर्यातदारांच्या भावाशी तुलना करते. बाजारापेक्षा फार वर गेलेली किंमत तिच्या नजरेत येते आणि माल थांबवून तपासला जातो.

तुम्ही स्वतः निर्यातदार नसून व्यापारी निर्यातदाराला माल देत असाल, तर शिपिंग बिलावर नाव त्याचं आणि परतावाही त्याचाच. त्यात तुमचा वाटा हवा असेल तर तो खरेदी करारात आधी लिहून घ्यावा लागतो. मागाहून मागितलेला वाटा मिळाल्याचं मला माहीत नाही.

पायरी सहावी : परदेशातून आलेला पैसा

माल गेला हे शिपिंग बिल सांगतं. पैसे आले हे ई-बीआरसी, म्हणजे रक्कम बँकेत आल्याचं इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र, सांगते. बँकेत परकीय रक्कम आली की बँक तिची माहिती डीजीएफटीकडे पाठवते. नोव्हेंबर २०२३ पासून त्या माहितीच्या आधारे निर्यातदार स्वतःच ई-बीआरसी तयार करतो. म्हणजे कोणती रक्कम कोणत्या शिपिंग बिलाची, हे जुळवण्याची जबाबदारी आपल्यावर आली. रिझर्व्ह बँकेची ईडीपीएमएस प्रणाली दुसऱ्या बाजूने प्रत्येक शिपिंग बिलासमोर पैसे आले की नाही ते पाहत असते.

रोडटेपचं स्क्रिप पैसे येण्याआधीच मिळू शकतं, म्हणून इथे बेसावध राहू नका. परकीय चलन कायद्याच्या मुदतीत पैसे आले नाहीत तर घेतलेला परतावा व्याजासह वसूल होतो. खरेदीदाराने खराब मालाबद्दल रक्कम कापली तर त्याचं पत्र घ्या आणि बँकेला कळवा. खरेदीदाराऐवजी तिसऱ्याच नावाने पैसे आले, तर ते स्वीकारण्याआधी बँकेशी बोला. फुगवलेल्या किमतीचे पैसे फिरवून आणण्याची ती ओळखीची वाट आहे, त्यामुळे तपासणारा तिथे हमखास थांबतो.

पायरी सातवी : पॅकहाउस आणि यंत्रांचं अनुदान

इथे सरकारचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे अनुदान हातात न देणं. बँक कर्जाशी जोडलेल्या अनेक योजनांत रक्कम बँकेतल्या राखीव खात्यात पडून राहते आणि कर्ज फेडताना शेवटी वळती होते. काम मध्येच सोडलं, यंत्र विकलं किंवा इमारत दुसऱ्या कामाला लावली, तर ती परत जाते. त्याआधी बँक, विभाग आणि योजना राबवणारी संस्था यांची संयुक्त पाहणी होते.

यंत्र आलं की त्याच्या लोखंडी पट्टीवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. बिलावर तोच अनुक्रमांक लिहिलेला आहे का ते पुरवठादाराला पैसे देण्याआधी पाहा. एकच मशीन दोन गावांत दाखवणं या एका आकड्यामुळे पकडलं जातं, आणि तो आकडा बिलावर नसेल तर तुमची खरी मशीनही संशयात येते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर चालू आहे का ते तपासा. कोटेशनं तीन खऱ्या दुकानांतून, त्यांच्या ईमेलवरून मागवा. सगळे पैसे खात्यातून द्या. "निम्मं रोख द्या, बिल वाढवून देतो" असं कोणी म्हटलं, तर तो तुमचं अनुदान वाढवत नाही, तुमच्यावर पुढचा गुन्हा लादतो आहे.

एकाच कामावर दोन योजनांचं अनुदान घेत नाही, असं हमीपत्र बहुतेक ठिकाणी लागतं. ते वाचून सही करा. स्मार्ट, मॅग्नेट, पोकरा, फलोत्पादन अभियान अशा योजना एकाच गावात एकाच वेळी चालतात, आणि एका योजनेत घेतलेलं शेड दुसरीत दाखवलं गेलं की ते महालेखापालांच्या लेखापरीक्षणात उघडं पडू शकतं. त्यात वर्षं जातात. म्हणून कागद किमान आठ वर्षं जपा. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं तेवढी ठेवावीच लागतात. उत्पादक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षणही बंधनकारक आहे. ते मार्चअखेरीस उरकण्यापेक्षा हंगाम संपताच करून घ्या, चुका तेव्हा दुरुस्त करता येतात.

तपासणीच्या दिवशी

एक माणूस नेमा, ज्याला रजिस्टर माहीत आहे. अध्यक्ष असायलाच हवेत असं नाही. मूळ कागद दाखवा, हातात प्रत द्या, काय दिलं त्याची यादी करून पोच घ्या. जे माहीत नाही त्याला "पाहून लेखी कळवतो" म्हणा आणि खरंच कळवा. अंदाजाने दिलेलं उत्तर जबाबात जातं आणि नंतर बदलता येत नाही. कोणी फाइल पुढे सरकवायला पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी फोन करायचा, दिल्यानंतर नाही.

आपल्याच फाइलमध्ये चूक सापडली तर काय? आमच्याकडे एकदा एकच लॉट दोन दाव्यांत गेला होता, माझ्याच हातून. संचालक मंडळापुढे ठेवलं, ठराव केला, विभागाला स्वतःहून पत्र दिलं आणि तेवढा दावा मागे घेतला. मला दोन रात्री झोप नव्हती. पत्र मिळाल्यावर त्यांनी दावा दुरुस्त करून घेतला आणि बाकीचा तपासायला घेतला. लपवलेल्या चुकीची गोष्ट वेगळी असते. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ११४एए प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो. कलम २८एएए प्रमाणे लबाडीने मिळवलेल्या स्क्रिपवर वाचवलेलं शुल्क ते मिळवणाऱ्याकडून वसूल होतं. परकीय व्यापार कायदा १९९२ प्रमाणे आयात-निर्यात कोड रद्द होऊ शकतो. शिवाय भारतीय न्याय संहितेतल्या फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाच्या कलमांखाली, म्हणजे ३१८, ३३६, ३४० खाली, गुन्हा दाखल होतो. त्यात सही करणारा संचालक सुटत नाही, "मला सचिवाने सांगितलं" म्हणून तर मुळीच नाही.

कंपनीत नसलेल्या शेतकऱ्याने

तुमच्या बागेचं नाव वापरून कोणी दावा केला आहे का, हे तुम्हालाही पाहता येतं. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक कंपनीच्या सभासदत्वासाठी", तारीख आणि सही. राज्याच्या महाडीबीटी या योजनांच्या पोर्टलवर आपल्या लॉगिनने आपल्या नावावर कोणते अर्ज आहेत ते हंगामातून एकदा बघा. न मागितलेली रक्कम खात्यात आली आणि कोणी "ती माझी, चुकून आली, काढून द्या" म्हणत दारात आला, तर पैसे काढून देऊ नका. आधी बँकेत आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा. आपल्याकडे भोळेपणाने पैसे काढून दिलेल्या म्हाताऱ्या माणसांना नंतर नोटिसा आल्या आहेत.

शंका असेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं लिहा: "मौजे अमुक, गट नंबर अमुक या जमिनीवरील संत्रा पिकाच्या निर्यातीसंबंधी अमुक आर्थिक वर्षात अनुदान मंजूर झाले असल्यास लाभार्थ्याचे नाव, मंजूर रक्कम, दाखवलेले वजन आणि रक्कम जमा झाल्याची तारीख द्यावी." गट नंबर तुमचाच आहे, याचा पुरावा म्हणून सातबाऱ्याची प्रत जोडा. उत्तर आलं की त्यातलं वजन घ्या, आपल्या झाडांच्या संख्येने भागा, आणि झाडामागे किती किलो येतात ते पाहा.